लांब दांडीचे पाने

आमच्या घरात खंडेनवमीला दोन पूजा मांडतात. एक माझ्या शिलाई मशीनची आणि कैचीची, दुसरी नवऱ्याच्या पान्यांच्या पेटीची. हत्यार ज्याचं, पूजा त्यानंच करायची, असा त्यांचा कडक नियम. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी हौसेनं त्यांच्या पेटीला कुंकू लावायला गेले, तर त्यांनी पुढ्यातलं ताट उचलून माझ्या मशीनपाशी नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "ते माझं हाये. तू तुझी कैची बघ." तेव्हा राग आला, पण नंतर पटलं. माझ्या कैचीनं कुणी साधी पिशवी कापली तरी मी घर डोक्यावर घेते. मग त्यांच्या पान्यांना माझा हात कशाला?

भोकरदनमधल्या एका गॅरेजात त्यांनी तरुणपणापासून मोटारसायकली दुरुस्त केल्या. गेल्या थंडीत एका गाडीची चेन चढवताना हातातला पाना खाली पडला, आणि तो उचलायला हातच पुढे जाईना. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यातून परत आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय थोडा ओढत होते, पण उजवा हात कामातून गेल्यासारखा झाला होता. बोटं हळूहळू मिटू लागली, तरी त्या हाताला काही लागल्याचं कळत नव्हतं. एकदा चहा गाळताना मला काहीतरी करपल्याचा वास आला. बघते तर ते ओट्याला टेकून उभे, उजव्या हाताची बोटं तापल्या तव्याला चिकटलेली, आणि स्वारी बाहेर चाललेला ट्रॅक्टर बघण्यात गुंग. मी ओरडले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम चालू ठेवा, हात येऊ शकतो. घरातलं सगळं आता त्या हातावर अडलं होतं. हात आला तर ते पुन्हा कामाला लागणार, नाही आला तर काय, याच्यावर आम्ही दोघंही बोलत नव्हतो. सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या हातात रबरी चेंडू द्यायची, ते दाबायचे. चेंडू खाली पडायचा, मी उचलून पुन्हा द्यायची.

या सगळ्यात मला एकदाही रडू आलं नाही. दवाखान्यात नाही, घरी आल्यावर नाही. भेटायला आलेल्या बायका आपापसात म्हणायच्या, बाई मोठी खंबीर आहे. खंबीर कसली! मला काही वाटतच नव्हतं. जेवण घशाखाली उतरायचं, पण चव कळायची नाही. ब्लाऊज शिवायची, गिऱ्हाईक चांगला झाला म्हणायचं, आणि मला वाटायचं की हा दुसऱ्याच कुणीतरी शिवलाय. शेजारणीनं मसाला कुटताना सहज विचारलं, "आता पुढं कसं करून राह्यले तुम्ही?" मी म्हटलं, "जसं होईल तसं." तिला वाटलं मी तोडून बोलले. खरं तर त्याच्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतंच.

पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस ते जेवताना म्हणाले, "समोरच्या पत्र्याच्या शेडमधी आपलंच गॅरेज टाकू. घरच्या घरी."

"हात?" मी विचारलं.

"गॅरेज टाकू म्हणलो मी," ते म्हणाले, "हाताचं बोललो का?"

मी वाद घातला नाही. वाद घालायलाही काहीतरी वाटावं लागतं. मला एवढंच कळलं की यांना हात येण्याची खात्री वाटायला लागलीय, आणि खात्री असेल तर असू दे.

पण जालन्याला हत्यारं घ्यायला जायचं म्हणाले, तेव्हा मात्र मी बोलले. "घरात पेटी भरून पाने पडलेत. नवे कशाला?"

"ती पेटी राहू दे."

"का? गंज चढलाय का?"

"राहू दे म्हणलं ना."

माझ्या शिलाईचे साठवलेले पैसे होते, ते पर्समध्ये टाकले आणि निघालो. बसमध्ये खिडकीशी ते, त्यांच्या उजव्या बाजूला मी. मुद्दाम तशी बसले, म्हणजे त्यांचा हात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्याला लागणार नाही. राजूरला एक म्हातारा मोसंबीची गोणी घेऊन चढला आणि ती नेमकी माझ्या पायावर ठेवली. एरवी मी त्याचा उद्धार केला असता. तेव्हा पाय तसाच राहू दिला.

जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत हत्यारांचं दुकान होतं. दुकानदार यांना पूर्वीपासून ओळखत होता. त्यानं आधी तब्येतीची चौकशी केली, चहा मागवला, आणि मग काउंटरवर पाने मांडायला सुरुवात केली. डबल पाने, रिंग पाने, नट सोडवायचे गोटी पाने. मला ते सगळे सारखेच दिसत होते. एका कापडाचे शंभर तुकडे पसरले तरी मी डोळे मिटून वेगळे ओळखीन, पण इथे मी ठार अडाणी.

त्यांनी डाव्या हातानं एक पाना उचलला, दुसऱ्यावर हलकेच वाजवला, आवाज ऐकला आणि तो माझ्याकडे दिला. "धर."

मी धरला.

"तसं नाही, आवळून धर. आता मनगट फिरव. जड लागतो का?"

"थोडा."

"मंग दुसरा द्या," ते दुकानदाराला म्हणाले.

मला वाटलं, यांच्या उजव्या हाताला वजन कळत नाही, म्हणून माझ्या हाताकडून विचारून घेत आहेत. आंघोळीचं पाणी किती तापलंय तेही ते हल्ली मलाच विचारायचे, त्यातलंच हे. म्हणून मी मन लावून सांगत गेले. हा जड आहे, हा तळव्याला टोचतोय, हा बरा आहे. हातोड्या दाखवल्या, त्यातली सगळ्यात हलकी मला बरी वाटली, तर तीच घेतली. पक्कड घेताना मला ती उघडून मिटून बघायला लावली. माझी बोटं पूर्ण पोचत नव्हती, म्हणून लहान मापाची काढायला सांगितली.

दुकानदाराला गंमत वाटली. "भाई, पाने तुम्ही घेऊन राह्यले अन् पकडून भाभी राह्यल्या, ये क्या हिसाब है?"

"बराबर हाये," ते म्हणाले. "तुम्ही दाखवत राहा."

मग त्यांनी लांब दांडीचे पाने मागितले, आणि मी चमकून बघितलं. लांब दांडीला जोर कमी लागतो, एवढं त्यांच्याच तोंडून ऐकून मला माहीत होतं. पण त्या पान्यांची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली होती. मनगटात दम नसलेल्यांचं काम, म्हणायचे. आता स्वतःच मागत होते. मला वाटलं, गड्यानं आपला हात आता पूर्वीसारखा राहणार नाही, एवढं तरी मान्य केलं. बरं झालं, असं मनात म्हटलं. पण बरं किंवा वाईट, वाटलं काहीच नाही.

घरी आल्यावर त्यांनी वेल्डिंगवाल्याला बोलावून शेडमध्ये लोखंडी टेबल करून घेतलं. टेबलावर वाइस बसवायचा होता, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरतो तो. त्याची उंची ठरवायला त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. म्हणाले, "सरळ उभी राहा. हात कोपरातून दुमड." माझ्या कोपराच्या उंचीवर वेल्डिंगवाल्यानं खडूची रेघ मारली.

"अहो, तुम्ही माझ्यापेक्षा केवढे उंच," मी म्हटलं. "तुम्हाला वाकावं लागंल रोज."

"वाकू की," ते म्हणाले.

वेल्डिंगवाला माझ्याकडे बघून हसला आणि कामाला लागला. आता आठवते तेव्हा कळतं, त्या माणसालाही समजलं होतं. समोर दिसत असून न समजणारी मी एकटीच होते. आंधळ्यापुढे आरसा धरावा तशी गत.

त्यानंतर पितृपक्षात गॅरेज उघडायचं नाही म्हणून ते थांबले, पण हात रिकामा कशाला ठेवायचा म्हणत आमचीच जुनी मोटारसायकल शेडमध्ये घेतली. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी करायची. प्लग काढ. ब्रशनं घास. हातानं फिरवून बसव, अडकला की थांब, मग पाना लाव. मी जोर करून आवळायला लागले की ओरडायचे, "बास! टाका तुटंपर्यंत दोरा ओढती का तू?" तेव्हा मला किती आवळायचं ते पटकन कळायचं. मी हे सगळं त्यांची मदतनीस म्हणून करत होते. चेंडूचा व्यायाम चालूच होता. आता देणारी मीच विसरायची कधीकधी, आणि ते आठवण करून द्यायचे नाहीत.

खंडेनवमीच्या सकाळी मी मशीन पुसलं, कैची धुऊन ठेवली. शेडमध्ये झेंडूची माळ लावली. नवे पाने पुसून पाटावर मांडले आणि हळदकुंकवाचं ताट सतरंजीवर बसलेल्या नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. मी आपली माझ्या मशीनकडे वळले.

"कुठं चालली?" ते म्हणाले. "बस इथं."

त्यांनी डाव्या हातानं ताट माझ्याकडे सरकवलं. मग आत गेले, पाय ओढत आपली जुनी पेटी घेऊन आले आणि ती दुसऱ्या पाटावर ठेवून तिच्यासमोर बसले.

मी ताटावरून पाटाकडे बघितलं. समोर हलकी हातोडी होती, माझ्या बोटांना पोचणारी पक्कड होती, लांब दांडीचे पाने ओळीनं होते. मागे माझ्या कोपराच्या मापानं केलेलं टेबल होतं.

"आणि हात?" मी म्हटलं. "डॉक्टर म्हणले ना येईल म्हणून."

"आला तर ही पेटी हाये की."

मला राग आला. कितीतरी महिन्यांनी आला, आणि सरळ डोक्यात गेला. "मला एका शब्दानं विचारलं का तुम्ही? दुकानात माझ्या हातात पाने कोंबले, भिंतीला उभं करून माप घेतलं. मी काय म्हैस आहे, दावणीला बांधायची?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"म्हणलीच असते!"

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि मान वळवून रस्त्याकडे बघायला लागले. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी पेटीला कुंकू आधीच लावलं होतं. वाकडं लागलं होतं.

मी पान्यांना एकेक करून हळदकुंकू लावलं. फुलं वाहिली. बोटावर थोडं कुंकू उरलं. त्यांचा उजवा हात माझ्या बाजूला, सतरंजीवर उताणा पडला होता. तव्याचे डाग अजून बोटांवर होते. मी त्या तळहाताला हळद लावली, कुंकू लावलं, दाबून लावलं. ते रस्त्याकडेच बघत होते. एक बस गेली, तिच्यामागे कुणी ओळखीचा गेला, त्याला त्यांनी डाव्या हातानं रामराम केला.

मग इकडे वळले आणि आपला तळहात त्यांना लाल दिसला.

"हे कव्हा लावलं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला रडू आलं.