गुरुजी डोंगरात, फोन धाटावला

निडीच्या त्या वहिनींचं नाव मी इथं लिहीत नाही. पोलिसाच्या लिखाणात आपलं नाव नको, अशी ताकीद त्यांनीच दिली आहे आणि ती मी पाळतो. पण एका माणसाचा जीव वाचला तो त्यांच्यामुळे, हे सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. आमचा तपास, लोकेशन, गाडी, माणसं, सगळं नंतर. आधी त्या.

नोकरीतल्या पुष्कळ केसेस विसरलो. ही मात्र विसरता आलेली नाही.

मी मूळचा वऱ्हाडातला. शाळा लवकर सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि घरापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रायगडात येऊन पडलो. चढत चढत सहायक फौजदार झालो. स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. कुलूप लावलं तरी परत फिरून ओढून बघणारा. सहकारी हसायचे. पण बेपत्ता माणसाच्या तपासात हा स्वभाव कामाला येतो. "येईल दोन दिवसांत" म्हणून ज्याला बसून राहता येतं, तो बसून राहतो. मला ते जमत नाही, म्हणून मी निघतो.

तेव्हा माझी नेमणूक पेणला होती. जानेवारीचे दिवस, शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या. हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक बाई उभ्या होत्या, पुण्याहून थेट आलेल्या. त्यांचे वडील पेणचे, निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेले, एकटे राहणारे. त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. गुरुजी पेणहून डोंगरवाटांनी रोह्याला आणि तिथून पायीच समुद्रापर्यंत जायला निघाले होते.

"फोन न्यायचा की नाही यावरून आमचं महिनाभर भांडण चाललं होतं," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणायचे, फोन घेतला की मी डोंगरात नसतो, तुझ्या स्वयंपाकघरात असतो. दर तासाला पाणी प्यायलात का, गोळी घेतलीत का. मी म्हटलं, फोन नसेल तर दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. शेवटी घेतला. लोकेशन मला दिसत राहील असं मीच करून दिलं."

"मग दिसतंय ना?"

"तेच तर दाखवायला आलेय."

पडद्यावरचा ठिपका आधी पेणहून नागोठण्यामार्गे डोंगराच्या पायथ्याच्या निडी गावाला आला होता. तिथवर ठीक. मग निडीहून रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत, परत निडीला, परत धाटावला.

"साहेब, माझे बाबा समुद्राकडे निघालेत की शटल मारतायत?" त्यांनी विचारलं. हसण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. फोन केला तर कोणी उचलत नव्हतं. रोज संध्याकाळी मेसेज मात्र येत होता: ठीक आहे. जेवलो. झोपतो. रोज तेच.

"हे बाबा नाहीत," त्या म्हणाल्या. "भाजी काय होती ते सांगितल्याशिवाय त्यांचं जेवण पुरं होत नाही."

फोन चालू, माणसाचा पत्ता नाही, आणि त्याच्या नावानं दुसरंच कोणीतरी लिहितंय. अशा केसेसचा शेवट मी पाहिला होता. बाईंना त्यातलं काही बोललो नाही. चहा मागवला आणि मिसिंग दाखल करून घेतली.

आमचे साहेब म्हणाले, "फोन चोरलाय कोणीतरी. चोर धरा." मी पुन्हा तो ठिपका बघत बसलो. सकाळी धाटावला जायचा, दुपारी तीननंतर निडीकडे निघायचा. चोर इतका वेळेचा पक्का नसतो. ही शिफ्ट होती. शिवाय धाटावला तो आठ तास तसूभर हलत नव्हता. केमिकल कंपनीत प्लँटमध्ये मोबाइल चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे गुरुजींचा फोन गेटवरच्या पेटीत पडून राहत होता, आणि तो नेणारा माणूस पहिल्या पाळीला होता.

रोह्याच्या ठाण्याला वायरलेसवरून कळवलं आणि साध्या कपड्यांतले दोन शिपाई घेऊन निघालो. गुरुजींची मुलगी बरोबर होती. धाटावला ठिपका होता त्या गेटबाहेर थांबलो. तीन वाजता भोंगा झाला. माणसं बाहेर पडली, आपापले फोन घेऊन कोणी बसकडे, कोणी दुचाकीकडे. मी बाईंना म्हटलं, लावा फोन. गर्दीत एकाच्या डब्याच्या पिशवीत रिंग वाजली. चाळिशीचा माणूस. त्यानं फोन काढला नाही, उलट पिशवी छातीशी घट्ट धरली. मी खांद्यावर हात ठेवला.

रोह्याच्या ठाण्यात त्याला समोर बसवलं.

"फोन कुणाचा?"

"गुरुजींचा."

"तुझ्याकडे कसा?"

"सांभाळायला दिलाय."

"आणि गुरुजी?"

तो टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला.

"मेसेज कोण पाठवतं? कालचाही तूच पाठवलास?"

मान खाली. "मी शब्द दिलाय साहेब. मारलंत तरी नाय सांगनार."

"बघा, मोठा शब्दाचा पक्का!" माझा शिपाई म्हणाला. "चोरलेल्या फोनवर कसला रे शब्द?"

तिथं मी शिपायाला थांबवलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट समजली आहे. खोटं बोलणारा भरभरून बोलतो. जो गप्प बसतो, तो बहुतेक वेळा कोणाला तरी सांभाळत असतो. चोराची नजर दाराकडे जाते. याची नजर टेबलावरच्या फोनकडे जात होती. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "साहेब, तेवढा चार्जिंगला लावा ना. उतरलाय. गुरुजी रागावतील."

यानं गुरुजींना काही केलेलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पण गुरुजी कुठं आहेत हे अजून कळत नव्हतं, आणि उजेड थोडाच राहिला होता.

ठाण्यात बसवलेल्या माणसाच्या घरी कळवायचं असतं. पोलीस पाटलामार्फत निरोप आधीच गेला होता. त्याची बायको रिक्षानं आली. त्याच या वहिनी. हाताला तांदळाचं पीठ तसंच होतं. आधी नवऱ्याला विचारलं, "जेवलाव?" मग माझ्याकडे वळल्या. मी काय घडलं ते सांगितलं. म्हटलं, गुरुजी बेपत्ता आहेत, त्यांची मुलगी बाहेर बसली आहे.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "काल रोह्याला गुरुजी भेटले म्हनालात ना?"

"तुला घोर नको म्हनून बोललो."

"म्हंजे आलेच नाय?"

"अंधार पडस्तवर उभा व्हतो यस्टी स्टँडवर."

"मंग सांगा साहेबांना सगळं!"

"शब्द दिलाय गो. पोरीला कळता नये म्हनाले."

"गुरुजींचा शब्द मोठा का गुरुजी मोठे?" त्यांचा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. "तो मानूस वर कुठं पडला असंल नि तुमी हितं शब्द राखत बसलाव!"

मग तो बोलला. गुरुजींनी त्याला शाळेत शिकवलं होतं. चालत निडीला आले, जेवले, आणि फोन त्याच्या हातात दिला. म्हणाले, तू रोज निडी-धाटाव करतोस, पोरीला वाटेल म्हातारा चालतोय. संध्याकाळी एवढं लिहून पाठव. मी डोंगरावरच्या वाड्यांवर दोन-तीन मुक्काम करून रोह्याला उतरतो, तिथं फोन दे. काल ते उतरले नाहीत. घाबरून यानं कालही मेसेज पाठवला.

मी वाट विचारली. डोंगराच्या धारेवरून सरळ रोह्याकडे उतरणारी, म्हणाला. मी माणसं त्या वाटेला लावायला उठलो.

"तिकडून नाय उतरले," वहिनी म्हणाल्या. "माझ्यामुळं."

इकडे थंडीत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा मडक्यात भरून शेतातच जाळावर भाजायच्या, आणि मडक्याच्या तळाला, तोंडाला भांबुर्डा या उग्र वासाच्या रानझुडपाचा पाला घालायचा. गावाजवळचा पाला त्या वर्षी संपला होता. गुरुजी निघताना वहिनींनी थट्टा केली होती, "दर खेपेला फुकट भाकऱ्या खाता गुरुजी, या टायमाला रोह्याला उतरताना वरच्या ओढ्याकडला भांबुर्डा आना नि यांच्या हाती द्या, पोपटी लावू."

"आनतो म्हनाले," वहिनी म्हणाल्या. "गुरुजी आनतो म्हनाले म्हंजे आनतील. ते ओढ्यानंच उतरले असनार. मीच धाडलं त्यांना."

ही थट्टा त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. गप्प राहिल्या असत्या तर कोणी कधी बोट दाखवलं नसतं. भल्याभल्यांना असं बोलताना मी पाहिलेलं नाही. मी त्यांना बसायला सांगितलं.

"बसून काय व्हनार? चला."

पायथ्यापर्यंत जीपनं गेलो. गावातली चार माणसं घोंगडी आणि बांबू घेऊन आली. वहिनींना मी खालीच थांबायला सांगितलं.

"साहेब, तुमाला भांबुर्डा वळखता येतो?"

"नाही."

"तुमच्या गावाकडं असतो?"

"माहीत नाही."

"मंग गप माझ्या मागनं या."

मी गेलो. आडवाटेनं त्या पुढं, आम्ही मागं. वर ओढ्याला लागल्यावर त्यांनी एका झुडपाचा शेंडा धरून दाखवला. ताजा खुडलेला होता. पुढं अजून एक, मग अजून. खुडलेल्या झुडपांमागून आम्ही ओढ्याच्या कडेनं खाली उतरत राहिलो. नवरा हाका मारत होता, "गुरुजी! अवो गुरुजी!" उजेड विरत चालला होता आणि मनात नको ते येत होतं. मी पाय उचलत राहिलो.

एका वळणाशी खालून आवाज आला. "ओरडतोस काय? इथं आहे मी."

ओढ्याच्या कोरड्या पात्रात गुरुजी पडले होते. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. आदल्या दिवसापासून तिथंच. उशाला भांबुर्ड्याचा भारा, हाताला पोचेल असं पाण्याचं एक डबकं. त्या पाण्यावरच निभावलं होतं.

अँब्युलन्स बोलवायला मी माझा फोन काढला. रेंज नव्हती. गुरुजींनी ते बघितलं. तशा अवस्थेतही म्हणाले, "बघा साहेब. हेच मी पोरीला सांगत होतो. फोन काय कामाचा इथं?"

"इथं नाही गुरुजी," मी म्हटलं. "पण जिथं शेवटची रेंज होती तिथवर तरी त्यानं आम्हाला आणलं असतं. तुमच्या फोननं आम्हाला धाटावच्या गेटवर नेलं."

वहिनींनी पदराच्या टोकानं गुरुजींचं तोंड पुसलं. म्हणाल्या, "पाला गावला बरा, आता उठा."

डोली करून खाली आणलं. रस्त्यावर मुलगी उभी होती. रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं वडिलांचा हात धरला आणि विचारलं, "बाबा, निडीला भाजी काय होती?"

"वालाचं बिरडं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

चालायला जाणारी पुष्कळ मंडळी मला आता विचारतात, फोन न्यावा का. माझं उत्तर ठरलेलं आहे. न्या. त्याची कटकट होत असेल तर बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवा, पण न्या. अगदीच नको असेल तर घरी ठेवा आणि घरच्यांना तसं तोंडावर सांगा. घरी राहिलेला फोन नुसता गप्प असतो. दुसऱ्याच्या पिशवीत गेलेला फोन खोटी साक्ष देतो, आणि आम्ही पोलीस त्या साक्षीवर विश्वास ठेवतो. दुसरं असं की, कुठून चढणार, कुठून उतरणार हे एका तरी जित्या माणसाला सांगून जा. त्याच्या तोंडाला मात्र कुलूप घालू नका. गुरुजींनी ज्याच्याकडून शब्द घेतला, त्याच्या गप्प राहण्यानं ते तिथंच संपले असते. जिला फक्त पाला आणतो म्हणाले, तिच्यामुळे वाचले.

त्याच थंडीत निडीच्या शेतात पोपटी लागली. गुरुजी प्लास्टरमध्ये, खाटेवर. मला बोलावणं होतं. या भागात एवढी वर्षं काढली, पण परक्या मुलखात कोणीतरी माझ्यासाठी शेंगा बाजूला काढून ठेवल्यात, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी वहिनींना म्हटलं, तुमचं हे देणं मी कसं फेडू?

"सगळे चालनारे माझ्या दारात भाकरी खातात नि पुढं जातात," त्या म्हणाल्या. "दर्यावर मी यस्टीनं गेलेय. चालत मला कोन नेत नाय."

वहिनी, निवृत्तीनंतरही मी पेणलाच राहिलो, गुडघा कुरकुरतो, पण तुमचं बोलणं लक्षात आहे. रोह्यापासून समुद्रापर्यंतची गुरुजींची राहिलेली वाट तुम्हाला चालत दाखवीन, तुमचे मालकही सोबत असतील. मुक्काम कुठं, हे गुरुजींच्या मुलीला सांगून निघू. फोन माझ्या खिशात असेल, आणि तिनं दर तासाला केला तरी मी उचलीन.