दोन भाऊ आणि एक शिवपार्वती

पुण्यात चार दिवसांचं शिबिर करून मी छापील चित्रांचा जाणकार झालो होतो. चित्र लाकडी ठशानं छापलंय, दगडावरून की यंत्रावर, हे भिंगातून ओळखायचं. ही विद्या कुणीतरी विचारावी म्हणून वाट पाहत होतो. नांदेडच्या मित्रानं ती सोय केली.

नांदेडहून एसटीनं मुखेडला निघालो. कंधारच्या पुढे गाडी पंक्चर झाली आणि जाणकाराला तासभर बाभळीखाली उभं राहावं लागलं.

मुखेडला मन्मथअप्पा या आडत व्यापाऱ्यांनी आधी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे) पुढे केली, मग भिंतीवरून शिवपार्वतीचं चित्र उतरवलं. आजोबांनी आणलेली ही शिळाछाप (दगडावर चित्र काढून केलेली छपाई) आहे, असं त्यांचं म्हणणं. हुबेहूब तसंच चित्र चाकूरला धाकट्या भावाकडे होतं, आणि खरं कुणाचं यावरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते.

"धाकट्याचं नकली हाय," अप्पा म्हणाले. "तेवढं लिहून द्या."

भिंग लावलं. शिळाछापेत रंगाचे कण खसखस सांडल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. इथं निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत होते. म्हणजे अलीकडची ऑफसेट छपाई. अप्पांचा चेहरा पाहून मी म्हणालो, दुसरं बघून सांगतो. असं वेळ मारून नेणं शिबिरात शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं.

चाकूरला विश्वनाथअप्पांनीही सुशीलाच दिली आणि थोरल्याचं नकली असल्याचं लिहून मागितलं. ठिपके तसेच, ओळीतले. दोन्ही चौकटींच्या मागे लातूरच्या एकाच फ्रेमवाल्याची चिठ्ठी होती.

लातूरला गंजगोलाईजवळ ते दुकान सापडलं. म्हाताऱ्या रहीमचाचांना सगळं आठवत होतं. मूळ चित्र वाळवीनं अर्धं खाल्लं होतं. भावांची आई ते पदराखाली झाकून घेऊन आली होती. चाचांनी त्याचा फोटो काढला, गेलेला भाग रंगवून घेतला आणि हैदराबादहून दोन प्रती छापून आणल्या.

"अम्मा म्हणाल्या, दोन लेकरं हायत, दोघांना बी सारखं पायजे. कुणाला सांगू नका." त्या वारल्यानंतर चाचांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

सांगावं की नाही, यात माझे दोन चहा गेले. शेवटी दोघांनाही फोन करून जसंच्या तसं सांगितलं. मग दोघांनीही एकच विचारलं, आई एकटीच आली होती का?

संध्याकाळी स्टेशनवर मन्मथअप्पांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून धाकट्याला फोन लावला होता; पाऊण तास बोलणं झालं.

"आई आमच्यापासून काय लपवणार न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "दोन्ही चित्रं खरीच हायत. तुम्हाला त्यातलं कळत न्हाई. इस्वनाथ बी तेच म्हणून राहिला."

अकरा वर्षांत दोघा भावांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती साफ चुकीची होती. पुरावा माझ्या मोबाइलमध्ये होता, ठिपक्यान् ठिपक्यासकट. गाडी पुण्याकडे निघाली तेव्हा आपलं शिक्षण वाया गेलं, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"बरोबर आहे अप्पा," मी म्हणालो होतो, "माझीच पाहण्यात चूक झाली."