नवमीचं लग्न

झिंबूल काठीनं लोकर पिंजायची आणि जिभेनं माणसं. यरुशलेमच्या बाजारामागे, मधोमध पाण्याचा हौद असलेल्या चौकात तिची खोली होती, आणि चौकातली एकूण एक गादी तिच्या काठीखालून गेलेली. कोणाचं पोर अजून अंथरूण ओलं करतं, कोण नवराबायको एकमेकांकडे पाठ करून झोपतात, हे तिला गादीच्या खड्ड्यांवरून कळायचं. नवरा लवकर गेला, जैतुनांच्या डोंगरावर त्याची कबर. मागे राहिलेली रेना तिनं कोणापुढे पदर न पसरता वाढवली. अशा बाईला पुरुषांविषयी आदर जरा बेतानंच उरतो. पण बेखोर कल्हईवाल्यासाठी तिनं जी तुच्छता राखून ठेवली होती, ती दुसऱ्या कोणाच्याच वाट्याला आली नव्हती.

बेखोर तिचा होणारा व्याही. भट्टीवर पातेलं ठेवायचा, संदेष्ट्यांची पोथी उघडायचा, आणि पातेलं करपायचं. अर्ध्या चौकाच्या भांड्यांना तळाशी काळे डाग. बायका ओरडल्या की म्हणायचा, "यशया सांगून गेलाय, मशीहाच्या राज्यात तांब्याच्या जागी सोनं येईल. मग कल्हई कशाला हवी?"

"तोवर माझ्या भाताला कळकट चव येते त्याचं काय?" झिंबूल विचारायची. यशयानं त्याबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

बेखोरचा मुलगा यिंतोव सरळ, कष्टाळू पोरगा. बापानं करपवलेली भांडी तोच पुन्हा घासायचा. रेनाशी त्याचं ठरून कितीतरी उन्हाळे लोटले, पण लग्न काही लागेना. एकदा बेखोरनं नवरानवरीच्या नावांतल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज केली, तर तिच्यातून निघालं की मशीहा हनुक्कापर्यंत, दिव्यांच्या सणापर्यंत, येतोय. लग्न पुढे. मग भूकंप झाला; ती तर त्याच्या पावलांचीच चाहूल. लग्न पुढे. नंतर म्हणे दानिएलच्या पोथीतला एक आकडा आजवर सगळ्यांनीच चुकीचा वाचला होता.

"व्याहीबुवा," झिंबूलनं तेव्हा विचारलं, "सगळे चुकले आणि कल्हईवाल्याला तेवढं बरोबर दिसलं?"

"विहीणबाई, मंदिर पुन्हा उभं राहणार, शेखिना परत यायची आहे! साक्षात देवाचं सान्निध्य! त्या अंगणात लग्न लागायचं सोडून या शेवाळल्या हौदाकाठी उरकायची घाई कसली?"

लग्न पुढे गेलं की झिंबूल रेनाची रजई उसवायची. ठेवणीतल्या लोकरीच्या गाठी होतात, आणि नवरीची रजई पिसासारखी हवी. ती लोकर इतक्यांदा पिंजून झाली होती की तिच्यात लोकरीपेक्षा शिव्याच जास्त होत्या. रेना आताशा रजईकडे बघायचीही नाही. आई उसवायला बसली की ती उठून पाणी भरायला जायची. त्या उन्हाळ्यात तर तिनं पाठमोरीच सांगितलं, "आई, विकून टाक ती. कोणाच्या तरी अंगावर तरी पडेल." झिंबूलच्या हातातली काठी थांबली. पोरगी रडली असती तर चाललं असतं. ती रडलीही नाही.

त्याच आठवड्यात शब्बाथला, विसाव्याच्या शनिवारी, प्रार्थनाघरात प्रार्थना संपल्यावर बेखोर उभा राहिला. यंदा आव महिन्याची नवमी, मंदिर दोनदा पडलं तो शोकाचा दिवस, उपासाचा नव्हे तर सणाचा होणार. जखऱ्या संदेष्ट्यानं वचन देऊन ठेवलंय, उपासांचे सण होतील म्हणून. आणि आपल्या मुलाचं लग्न आपण नवमीलाच लावणार! म्हातारे कानावर हात ठेवून बाहेर पडले. बायकांच्या गॅलरीत कोणीतरी 'तू तू तू' करून दृष्ट काढली. यिंतोव मान खाली घालून बापाच्या प्रार्थनेच्या शालीची घडी करत राहिला.

दुसऱ्या दिवशी झिंबूल हाखाम रफुलना घेऊन बेखोरच्या दारात हजर. हाखाम चौकाचे धर्मगुरू. जेवणानंतरची झोप मोडल्यामुळे कावलेले. मागे सगळा चौक.

"व्याहीबुवा, जोरात विचारते, सगळ्यांना ऐकू द्या. मशीहा आला तर नवमी काय होणार?"

"सण!"

"पासोव्हरला कधी कोणाचं लग्न लागलेलं पाहिलंत? झोपड्यांच्या सणाला?"

सणाच्या आनंदात दुसरा आनंद मिसळायचा नाही, सणाला लग्न लागत नाही, हे हौदाकाठी खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. हाखाम रफुलांच्या पोटातून हसू वर येऊ लागलं.

"आला तर सण, म्हणून लग्न नाही," झिंबूल म्हणाली. "नाही आला तर सुतक, म्हणून लग्न नाही. असा मुहूर्त काढायला मोठी अक्कल लागते हो! दोन्ही जगांत न लागणारं लग्न!"

"गडबडीत जरा..." बेखोर पुटपुटला.

"मग पौर्णिमा. याच महिन्याची. तो आला तर तुमच्या मंदिराच्या अंगणात, नाही आला तर हौदाकाठी. बोला. आणि रुमाल उचला."

हाखामांनी खिशातून रुमाल काढून पुढे धरला. साक्षीदारांसमोर रुमाल उचलला की शब्द बांधला गेला. मग तो देवालाही सोडवायला अवघड. बेखोरनं इकडेतिकडे पाहिलं. त्याची बायको दुदून दारातून हळूच म्हणाली, "उचला ना एकदाचा. हात का मोडलाय?" त्यानं उचलला.

नवमी उजाडली. चौक जमिनीवर बसला होता, पोटात पाणीही नव्हतं. पायांत कापडी चपला, नाहीतर नुसतीच धूळ. बेखोर मात्र उंच खुर्चीवर, अंगात शब्बाथचा कोट, पायांत करकरीत चामडी बूट. शोकाच्या दिवशी चामडं पायात घालत नाहीत, पण त्याच्यासाठी शोक संपलाच होता. फाटकात जराशी सावली हलली तरी तो उठायचा. एकदा पाणक्याचं गाढव आलं; मशीहा गाढवावर बसूनच येणार, असं पोथीत आहे. बेखोर धडपडत पुढे गेला, आणि गाढवामागून घाम पुसत पाणक्या आला.

"गाढव तर आलं," झिंबूल म्हणाली. "वर बसणाराच वाटेत पडलेला दिसतो."

दुपार कलली तशा बायका उठल्या. नवमीच्याच दुपारी मशीहा जन्मतो असं आयाआज्या सांगत आल्या, म्हणून त्या दुपारी घर झाडायचं. झिंबूल कमरेत पदर खोचून हौदाभोवती झाडत बेखोरच्या खुर्चीपर्यंत आली.

"पाय वर घ्या."

त्यानं पाय वर घेतले नाहीत. "विहीणबाई, लग्न पुढे ढकलू."

"रुमाल उचललाय तुम्ही."

"या चौकात चहाड्या फार. असल्या ठिकाणी शेखिना येत नसते. माणसं सुधारेपर्यंत..."

"शेखिना गेलीच कुठे होती यायला? आमच्यासोबत वणवण फिरली, याच हौदाचं पाणी प्याली. नवराबायको नीट नांदतात तिथे ती दोघांमध्ये बसते, हे माझी आजी पीठ मळताना सांगायची. तुम्ही दोन पोरांना एकत्र बसूच देत नाही आणि तिच्या नावानं वर बोंबलता!"

बेखोरचं तोंड वेडंवाकडं झालं. आवाज एकदम बारीक होऊन तो म्हणाला, "मुशोन येईल म्हणून."

मुशोन त्याचा थोरला. तुर्कांनी लष्करात नेला, तो परतला नाही, कबरही नाही. मशीहाच्या राज्यात मेलेले उठतात. भावाच्या लग्नाला भाऊ नको का?

दुदूननं तोंडाला पदर लावला. झिंबूलचा केरसुणीवरचा हात ढिला पडला, पण क्षणभरच.

"माझाही डोंगरावर पडलाय. त्यालाही मुलीचं लग्न बघायचं होतं. मग काय, मेलेल्यांना मेजवानी मिळावी म्हणून यरुशलेमच्या साऱ्या पोरींनी केस पांढरे करायचे? पाय वर घ्या."

तेवढ्यात यिंतोव पुढे आला आणि बापासमोर उकिडवा बसला. त्यानं एका बुटाचा बंद सोडला, मग दुसऱ्याचा. दोन्ही बूट भिंतीशी नीट ठेवले.

"बाबा, आज चामडं घालत नाहीत," तो म्हणाला. "आणि पौर्णिमेला माझं लग्न आहे. हौदाकाठी. तुम्ही यायचंय."

इतकी वाक्यं एका दमात बोललेला यिंतोव चौकानं आजवर पाहिला नव्हता. बेखोर अनवाणी खाली उतरून सगळ्यांसारखा जमिनीवर बसला. झिंबूलनं मोकळ्या खुर्चीखालचा केर काढला. तिथे बराच साठला होता.

पौर्णिमेला लग्न लागलं. नवऱ्यानं पायाखाली पेला फोडला, बायकांनी जीभ हलवत आनंदाची लिलकारी दिली, भात-घेवड्याच्या पराती निघाल्या. पातेल्यांच्या तळाशी डाग होतेच. रेनानं सकाळी स्वतःच्या हातानं रजई पलंगावर अंथरली होती, आणि दोनदा उगाचच सारखी केली होती.

मेजावर बेखोरच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पुढे ताट वाढलेलं, चमचासुद्धा ठेवलेला. कोणी बसायला आलं की तो हात आडवा धरायचा. पाहुणे ओशाळून पुढे सरकायचे.

झिंबूलनं लांबून ते पाहिलं. सकाळपासून उभी होती, पाय सुजले होते. ती सरळ आली, बेखोरचा हात बाजूला सारला आणि त्या खुर्चीत धपकन बसली.

"अहो, ती जागा..."

"ठाऊक आहे कोणाची ते," झिंबूल ताट पुढे ओढत म्हणाली. "आला की उठेन."