काकांचं वळण

काका मला कधीच आवडले नाहीत. ते वडिलांचे मित्र. मी नागपूरहून नोकरीसाठी न्यू जर्सीत आले तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या वेस्ट विंडसरच्या घरी ठेवलं. एकटी मुलगी, तिला जरा वळण हवं, म्हणून. मी बेसमेंटमध्ये झोपायचे, काकांच्या बारला लागून. शनिवारी तिथे व्हिस्की, रविवारी तिथेच मराठी मंडळाच्या मुलांना संस्कारवर्ग. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! रात्री दहा वाजले की दाराला साखळी. ती लावायचं काम काकूंचं.

मला आयसेलिन गावात स्वतःची खोली मिळाली होती. पण वडील म्हणत, काकांना विचार. आणि काका म्हणत, बघू.

एका लाँग वीकेंडला ते काकूंना आणि मला मॅसॅच्युसेट्समधली जुनी कापडगिरणी दाखवायला घेऊन गेले. गाइड सांगत होती, शेतकऱ्यांच्या मुली इथे कामाला यायच्या आणि कंपनीच्या घरात राहायच्या. दहाला दार बंद, चर्च सक्तीचं, दारूला शिवायचं नाही. चालचलणूक वाईट म्हणून काढलं, तर शेजारच्या गिरणीतही काम नाही. दारूच्या वाक्यालासुद्धा काकांनी मान डोलावली.

"बघ," ते मला म्हणाले, "याला म्हणतात वळण. म्हणून हा देश पुढे गेला."

माझं डोकंच फिरलं. पोरी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कापसाची धूळ छातीत भरून घेत होत्या, आणि या सज्जन मालकांना काळजी कसली, तर रविवारी त्या चर्चला गेल्या का! मालकाला वळण लावायला कुणी आलं नव्हतं.

काकूंनी गाइडला एकच प्रश्न विचारला. दार कोण लावायचं?

"घर सांभाळणारी बाई," गाइड म्हणाली. "मुलींवर लक्ष ठेवून कंपनीला कळवायचं कामही तिचंच."



परतताना हायवेवर मीच विषय काढला. "काका, मी एक तारखेला आयसेलिनला मूव्ह होतेय."

"तुझ्या बाबांना काय सांगू मी?"

"सांगा, मुलीला वळण लागलं नाही."

मग प्रवचन सुरू झालं. आमच्या वेळी, आपली संस्कृती, हल्लीच्या मुली. काका आरशातून माझ्याकडे बघत बोलत होते, रस्त्याकडे लक्षच नव्हतं.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमचंच वळण चुकलं. एक्झिट मागे गेली."

काकांनी ब्रेक दाबला.

"आणि आजपासून साखळी तुम्हीच लावा."