अकरा तुळशी आणि जाडं मीठ

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरामागे चार पावलांचं अंगण आहे. त्या वर्षी तिथे अकरा तुळशी होत्या. वडील भिक्षुकी करायचे. ते गेल्यावर देवघर आणि अंगण दोन्ही आईकडे आलं आणि तिने दोन्हीकडे सारखाच कडक कारभार सुरू केला.

आषाढी एकादशीला आईने चातुर्मासाचा नेम धरला. रोज एकशे आठ तुळशीपत्रं देवाला वाहायची, घरच्याच तुळशीची, स्वतःच्या हाताने तोडलेली. पान अखंड हवं, छिद्राचं चालणार नाही. हा नेम मावशीसाठी होता. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारी. उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नव्हती. आई दहा वर्षांची असताना आजी गेली, तेव्हापासून मावशीला आईनेच वाढवलेलं.

श्रावणात गोगलगाई आल्या. शंखाच्या नव्हेत, त्या बिनशंखाच्या, करड्या, बोटाएवढ्या, चिकट. दिवसा कुंड्यांखाली दडायच्या आणि अंधारलं की तुळशीवर चढायच्या. सकाळी पानांची चाळणी झालेली असे. आई एकेक पान उजेडात धरून बघायची आणि बाजूला टाकायची. एकशे आठ पानं जमवायला आधी पंधरा मिनिटं लागायची, मग एक तास लागू लागला.

मारायच्या नाहीत, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. चातुर्मासात जीवहत्या करून मिळवलेलं पुण्य बहिणीला कसं लागेल, हा तिचा हिशेब. कृषी केंद्रातून मी औषधाच्या गोळ्या आणल्या, त्या तिने परत करायला लावल्या. कुंड्यांभोवती राख पसरली, ती पावसाने धुतली. मग ती ओलं पोतं अंथरून ठेवी, त्याखाली गोगलगाई जमल्या की चिमट्याने उचलून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरी आणि नाल्यापलीकडे सोडून येई. माझा स्वभाव तापट. मी म्हणायची, त्यांना रिक्षाचं भाडंही देत जा, परत यायला सोपं पडेल. आई हसायची नाही.

मावशीचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. आवाज बारीक होत चालला होता. दर वेळी एकच म्हणणं, दोन दिवस राहायला ये. आणि दर वेळी आईचं एकच उत्तर, नेम संपला की येतो. मुक्काम केला तर नेम मोडेल. ती दोनदा गेली, पण सकाळची पूजा आटोपून, आणि दिवे लागायच्या आत परत. डबा, चिमटा आणि ओलं पोतं वाट पाहत होतं ना.

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात बसून रडत होती. एकसष्टच पानं धड निघाली होती. उरलेली तिने नंतर शेंड्यांवरची कोवळी, नखाएवढी पानं खुडून पुरी केली. मला ते बघवलं नाही. त्या संध्याकाळी ती जपाला बसली तेव्हा मी, गोगलगाय नि पोटात पाय, मुकाट्याने स्वयंपाकघरातून जाड्या मिठाचा डबा उचलला आणि अकराही कुंड्यांत रिकामा केला. गोगलगाई फेसाळून आक्रसल्या. मी त्या गोळा करून फेकल्या. सुटलो एकदाचे, असं वाटलं. माझ्यासारख्या शिकवण्या घेणाऱ्या बाईला, पोरांना मिठाचे गुणधर्म सांगणाऱ्या बाईला, मुळांचा विचार शिवलासुद्धा नाही.

रात्री पाऊस आला. मीठ विरघळून खाली उतरलं. तीन-चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग फांद्या माना टाकू लागल्या. आई पाणी घालत राहिली, माती उकरत राहिली. मी गप्प राहिले. मला लाज वाटत होती आणि भीतीही.

नेमाच्या सत्तराव्या दिवशी अकरा झाडांवर मिळून नऊ पानं निघाली. आईने ती नऊ वाहिली. बराच वेळ देवासमोर बसली आणि उठून म्हणाली, बॅग काढ.

दुपारी आम्ही अकोल्यात, मोर्णेचा पूल ओलांडून मावशीच्या दारात होतो. मावशी खाटेवर होती, पण चादरीखाली कोणी आहे की नाही, पटकन कळत नव्हतं. आईने सांगितलं की नेम मोडला, झाडंच गेली.

मावशी म्हणाली, "बरं झालं, ताई. मले पानं नोयते पाह्यजे."

आई तिथे बावीस दिवस राहिली. तिची वेणी घातली, तिला चमच्याने पेज पाजली, दोघी लहानपणीच्या गोष्टी काढून हसल्याही. कोजागिरीच्या आदल्या दिवशी मावशी गेली. तेव्हा तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं.

तेरावं करून आई अमरावतीला परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाळलेल्या तुळशी उपटत होती. मी जवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मीठ मी टाकलं, नेम माझ्यामुळे मोडला. बोलता बोलता मला रडू आलं.

आई हातातलं काम न थांबवता म्हणाली, मिठाचा डबा रिकामा दिसला तेव्हाच तिला कळलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

कुंडीतली माती तिने पोत्यावर उपडी केली, हात झटकले.

"सत्तर दिवस होते माह्याजवळ," ती म्हणाली. "ती दोन घंट्यावर होती, अन् मी पानं मोजत राह्यली."

मग माझ्याकडे न बघता ती हळू आवाजात म्हणाली, "टाकाचंच होतं त पहिल्या आठवड्यात टाकाचं होतं वो, पोरी."