पुनारामबाबांचं आमेन

आमच्या गोंदियाच्या चर्चमध्ये पुनारामबाबा मसराम यांचं आमेन प्रसिद्ध होतं. तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसायचे. पास्टरसाहेबांची प्रार्थना चालू असायची, मंडळी डोळे मिटून असायची, आणि मध्येच बाबा दोन्ही हात वर करून असं काही आमेन ठोकायचे की झोपलेली पोरं दचकून रडायला लागत. प्रार्थना मात्र अजून अर्धी शिल्लक असायची. पास्टरसाहेब घसा खाकरून पुढे चालू करत. बाबा मागे वळून सगळ्यांकडे बघून हसत, आणि सगळे त्यांच्याकडे बघून हसत.

बाबांना ऐकू येत नव्हतं. चिचगडकडचा हा माणूस तरुणपणी गोंदियात आला आणि बत्तीस वर्षं राइस मिलमध्ये मशीनच्या पुढ्यात उभा राहिला. धानाचा तांदूळ झाला आणि बाबांचे कान गेले. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल.

मी हेमराज. दुकानांचे बोर्ड आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो, आणि दर महिन्याला चर्चच्या फळ्यावर एक व्यंगचित्र लावतो. पास्टरसाहेब ‘शेवटचा मुद्दा’ म्हणतात आणि समोरच्या लेकराला दाढी फुटते, हे माझं पहिलं चित्र. मग पीक घरात आल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या हंगामाच्या सणात दरवर्षी लिलावात विकला जाणारा आणि दरवर्षी दान म्हणून परत येणारा तोच तो कोहळा काढला. चर्चबाहेर चप्पल काढताना फाटकी आणि घालताना नवी, तेही काढलं. लोक पोट धरून हसायचे. ‘हेमराजभाऊ, क्या पकडा है!’ म्हणायचे. मी फुगायचो. माझा खास गुण असा की चेहरे ओळखू येतात. चार रेघांत मी कुणालाही पकडतो. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण माझ्या धंद्यासाठीच कुणीतरी काढली असावी.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो. ही चित्रं मी प्रार्थनेच्या वेळी काढायचो. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, कुणाचं तोंड उघडं, कुणाचं नाक वाजतंय. अशी संधी दुसरीकडे कुठे मिळणार? उपासनेच्या कागदाच्या मागच्या बाजूला माझं पेन चालू.

एका रविवारी पास्टरसाहेबांनी मान खाली घालून सूचना वाचली, “संडासाची टाकी भरली आहे. दोन आठवडे कुणीही वापरू नये.” बाबांना वाटलं प्रार्थना चालली आहे. साहेबांचे ओठ थांबले, आणि बाबांनी हात वर केले.

“आमेन!”

चर्चमध्ये असा हशा कधी झाला नव्हता. मी घरी जाऊन जेवलोसुद्धा नाही, आधी चित्र काढलं. मध्ये बाबा, हात वर. त्यांच्या कानातून धानाची लोंबी उगवलेली, चांगली दाणे भरलेली. आणि भोवती सगळी मंडळी हसताना. तीस-बत्तीस चेहरे होते, एकेक ओळखू येणारा. फळ्यावर लावलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. तिरोड्याच्या मंडळीतूनसुद्धा हसणारे चेहरे आले. मी दिवसभर मोबाईल बघत बसलो.

पुढच्या रविवारी बाबा आले, बसले, पण आमेन म्हणाले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसले, ओठ घट्ट मिटून. मग यायचेच बंद झाले. मला आधी हायसं वाटलं, हेही लिहितो. पण प्रार्थना संपली की चर्चमध्ये एक विचित्र पोकळी पडायची. कोण आधी म्हणणार म्हणून जो तो थांबायचा, आणि मग आमेन इकडून तिकडून कसंबसं निघायचं.

चौथ्या रविवारी पास्टरसाहेबांनी मला दारात थांबवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. “हेमराज, मुर्रीला बाबांच्या घरी जाऊन ये,” एवढंच म्हणाले.

मी गेलो. बाबांची सून चंदा अंगणात धान वाळवत होती. “जय मसीह की, वहिनी,” म्हटलं. तिनं जय मसीह की केलं, पण धानातून हात काढला नाही.

“आता काऊन आले?” ती म्हणाली. “आनखी एक चित्र काढाचा हाये का?”

बाबा खाटेवर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि त्यानंच माझं अर्धं पाणी झालं. त्यांनी उशाशी ठेवलेलं मोठ्या अक्षरांचं बायबल उघडलं आणि आतून माझं चित्र काढलं. सुनेच्या फोनवर पाहून त्यांनी चौकातून छापून आणवलं होतं. घडीवर घडी पडून कागद मऊ झाला होता.

“हा केशोराव,” बाबा बोट ठेवून म्हणाले. बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्यानं. “हे केशोरावची बायको. हा मास्तर. हे डिंपल. बरोबर ओळखलो ना मी? लय हुबेहूब काढतस रे तू.”

मी मान हलवली.

“मले वाटे, मी आमेन म्हनलो का सगळे खूश होतेत. मी मांगं पाहो तं सगळे हासून राहत. मी बी हासो.” ते चित्राकडे बघत राहिले. “ह्या चित्रात पाह्यलो, तवा समजला का कायले हासून राहत.”

या माणसाला इतकी वर्षं कुणाचं हसणं ऐकू गेलं नव्हतं. चर्चमधल्या कुणी त्यांना ते कळू दिलं नव्हतं. ते मी कळवलं, चार रेघांत, बहिऱ्यालाही समजेल असं. माझ्या ज्या गुणाचा मला तोरा होता, त्याच गुणानं.

माफी मागायची तर त्यांना ऐकू जाणार नव्हती. मी खिशातून पेन काढलं. गोंदियातल्या निम्म्या दुकानांची नावं मी लिहिली आहेत, पण ‘माफ करा’ ही चार अक्षरं त्या दिवशी वाकडी आली. बाबांनी वाचलं आणि कागद चित्रासोबत बायबलात ठेवून दिला.

“ते राहू दे,” ते म्हणाले. “एक सांग. खरंच मी मंधातच म्हनतो?”

चंदा पाठीमागे येऊन उभी राहिली होती. मला मान हलवून हो म्हणावं लागलं. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

बाबांनी बायबल मिटून उशाशी ठेवलं. मग म्हणाले, “गाना आयकू येत नाई. साहेबाचा बोलना आयकू येत नाई. एक आमेन तेवढा माह्या वाट्याचा होता. तो सगळ्यायसंगं म्हनाव, असं वाटे.” त्यांनी माझं मनगट धरलं. “तू बाजूले बसत जा. प्रार्थना सरली का माह्या गुडघ्यावर हात ठेवजो. मंग नाई चुकनार मी.”

पुढच्याच रविवारी आम्ही दोघं तिसऱ्या बाकावर बसलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लोक वळून वळून बघत होते. पास्टरसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. मी कान देऊन ऐकायला लागलो, आणि तेव्हा मला उमगलं की वीस वर्षांत मी एकही प्रार्थना शेवटपर्यंत ऐकलेली नाही. ती कशी चालते, कुठे वळते, कुठे संपते, मला काही ठाऊक नव्हतं. एवढ्यात समोर केशोराव डुलकी घेताना दिसले, त्यांची मान हळूहळू बायकोच्या खांद्याकडे चाललेली. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. जित्याची खोड! साहेब थांबल्यासारखे वाटले. मी दचकलो आणि घाईनं बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आमेन!”

साहेब म्हणत होते, “प्रभू, आमच्या चर्चचं छप्पर फार गळतंय…” आणि फक्त श्वास घ्यायला थांबले होते.

मागच्या बाकांवर खुसखुस झाली. बाबांना ती ऐकू गेली नाही, पण आता ते लोकांचे चेहरे बघायला शिकले होते. मागे वळून त्यांनी बघितलं आणि त्यांचे वर गेलेले हात खाली आले.

“चुकला का?” त्यांनी मला विचारलं. त्यांच्या मते हळूच, पण सगळं चर्च ऐकत होतं.

मी मान हलवून हो म्हटलं. मग उभा राहिलो, सगळ्यांना दिसेल असं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. चूक माझी.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझा हात धरून मला खाली बसवलं आणि गुडघ्यावर थोपटून मोठ्यानं म्हणाले, “होऊ दे, बाप्पा. नवीन हायेस तू. शिकशील हळूहळू.”

सगळं चर्च हसलं. पास्टरसाहेबसुद्धा हसले. या वेळी सगळे माझ्याकडे बघून हसत होते, आणि एकेक चेहरा मला ओळखू येत होता.

साहेबांनी प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. मी पेन खिशात घातलं, डोळे मिटले आणि ऐकत बसलो.