निम्मं करा, भाऊजी

“उतरली! माळ छातीवर आली, कावीळ उतरली!” आई वहिनीसमोर उभी राहून अशी ओरडली की बदनापूर स्टेशनातल्या गाडीनंसुद्धा दचकून शिट्टी दिली असेल. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. सातवा महिना, आणि गळ्यात टेंभुर्णीहून आणलेली काड्यांची माळ. आमच्याकडं कावीळ झाली की ही माळ डोक्यावर ठेवतात. ती रोज थोडी लांबते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली. माळ अगदी बराबर उतरत होती. वहिनीचे डोळे मात्र...

दीड महिना झाला तिला जाऊन.

मी या घराचा नामांकित थापाड्या. वहिनी नवी नवरी होती तेव्हा जेवताना मी तिला सांगितलं, आमच्या विहिरीत मगर होती आणि ती मला नावानं हाक मारायची. वहिनीनं शांतपणे भाकरी वाढली. म्हणाली, “निम्मं करा, भाऊजी.” म्हटलं, बरं, हाक न्हाई मारायची, नुसती बघायची. “अजून निम्मं.” मंग पाल होती म्हणालो, तेव्हा कुठं हसली. रोज गाडीनं जालन्याला ऑफिसला जाणारी, मोजकं बोलणारी बाई. पण तिचं ते ‘निम्मं करा’ घरानं असं उचललं की मी ताप आला म्हटलं तरी दादा म्हणायचा, निम्मा असेल.

यंदा नळाच्या पाण्याला गटाराचा वास यायला लागला आणि आख्खी गल्ली पिवळी पडली. मांजरंसुद्धा. मीही पडलो, ऊस चघळत लोळलो आणि उठलो. म्हणून वहिनीला झाली तेव्हा कुणी घाबरलं नाही. दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले आणि खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, “हा पाण्यातून येणारा विषाणू आहे. तुम्ही उठलात, ही उठेलच असं नाही. पोटुशी बाईला हीच कावीळ मारते. बाळ जाईल, बाईही जाईल. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या.”

रिक्षात वहिनी म्हणाली, “भाऊजी, घरी तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर सुनेचे नखरे वाटतील.” उतरताना म्हणाली, “आन् आज निम्मं करू नका.”

केलं नाही. जन्मात पहिल्यांदा ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. बाळ जाईल, बाईही जाईल. आई म्हणाली, “याचं निम्मं करा रे. तिथं नेलं की सलाईनी लावत्यात आन् पोट रिकामं करून पाठवत्यात. इतक्या वर्षांनी राह्यलंय.” मी दादाचा हात धरून ओढला. दादा म्हणाला, “तुझं बोलणं पहिल्यापासून असंच है.” आणि माळ आणायला टेंभुर्णीला गेला.

माळ पोटावर टेकली त्या दिवशी वहिनी बरळायला लागली. मग गाडी, मग धावपळ, मग संभाजीनगर. तिथं आधी निम्मं खरं झालं. बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेलं निम्मं.

दवाखान्यानं परत दिलेल्या कपड्यांत ती माळ आली. आईनं ती वहिनीच्या ऑफिसच्या पिशवीशेजारी खुंटीला अडकवली. आता मी काहीही फेकलं तरी घरात कुणी निम्मं करा म्हणत नाही. म्हणून मीही फेकत नाही. परवा पाहिलं, माळ आणखी लांबून खालच्या फळीला टेकलीय. आई गहू निवडत होती. म्हटलं, “आई, बघ, खुंटीची कावीळ उतरून राह्यली.”

आईनं मान वर केली नाही.

“काड्या वाळल्या की दोरा ढिला पडतो,” ती म्हणाली.